जगतापांचा उजवा पंख

जगतापांच्या हातात पत्र्याची कुठलीही वस्तू द्या, ते आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. चहाचा ट्रे असो की लग्नात आहेर म्हणून आलेला डबा, अंगठा फिरलाच पाहिजे. कड बोचली की तोंड वाकडं करून म्हणायचे, "घाईतलं काम हाय." वाशीजवळच्या पावणे गावात त्यांचा पत्राकामाचा गाळा होता. मी शेजारच्या कारखान्यात माल तपासणारा. त्यांचं काम पास करायचं की परत पाठवायचं, हे माझ्या सहीवर ठरे. मी त्यांचा माल बऱ्याचदा परत पाठवला, पण त्यांनी कधी हुज्जत घातली नाही. उलट लोकांना सांगायचे, "सायबांची जीभ कडू हाय, पन खोटी न्हाय."

मूळचे साताऱ्याकडचे. वडील एपीएमसी बाजारात कांद्याच्या गोणी वाहायचे, यांचं शिक्षण नववी. आणि साठीला आल्यावर या माणसाने परदेशातून विमानाचा संच मागवला. खरं विमान, दोन माणसांचं, आपण स्वतः जोडायचं. मला कळलं तेव्हा मी तोंड भरून अभिनंदन केलं आणि घरी येऊन बायकोवर विनाकारण ओरडलो. विमान बांधायचं खरं तर मी ठरवलं होतं. वाशीच्या फ्लॅटमध्ये एक कपाट भरून माझी विमानांची पुस्तकं आणि आराखडे आहेत. मी वीस वर्षं वाचत राहिलो आणि या गृहस्थांनी मलाच शंका विचारून विचारून थेट शेपटी बांधायला घेतली.

असा संच तुकड्यातुकड्याने येतो. शेपटी आधी मागवतात, आपल्याला जमतंय का ते कळावं म्हणून. जगतापांना ती इतकी सुरेख जमली की माझा नुसता जळफळाट झाला. खंडेनवमीला त्यांनी तिला झेंडूची माळ घातली आणि पहिला पेढा मला दिला. मी तो कसाबसा गिळला.

पेढे वाटून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. आता पंख मागवायचे होते, आणि ते दोन प्रकारे मिळत. सुटे पत्रे घेऊन सगळं आपण जोडायचं, नाहीतर कंपनीने बरेचसे जोडून दिलेले घ्यायचे.

"तयार घेतलं तर दोन-तीन वर्सात उडतुय बगा," ते म्हणाले. "सुटं घेतलं तर सात-आट वर्सं कुटं गेली न्हाईत. मी आता एकसष्ट, गुडगं बोलाय लागल्यात. तुमीच सांगा सायेब, तयार घेन्यात काय राम हाय का?"

उत्तर मला पाठ होतं. तयार घ्या. पंखात पत्रे जोडणारे हजारो रिव्हेट असतात, आणि सुरुवातीचे काही ठोकल्यावर पुढच्यांत शिकण्यासारखं काही उरत नाही. शिवाय इंजिन, वायरिंग, काच, एवढं काम बाकी राहतं की कुणाचीही हौस फिटावी. पण माझ्या तोंडून निघालं, "तयार घेतलंत तर लोक म्हणतील, कंपनीने बांधलं आणि जगतापांनी स्क्रू पिळले."

त्यांनी शेपटीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग मान हलवून म्हणाले, "बरुबर हाय. सुटंच घेतो." मी नेहमीसारखं कडू पण खरं बोललो, असं त्यांना वाटलं.

रिव्हेट ठोकताना मागून लोखंडी ठोकळा धरायला दुसरं माणूस लागतं. त्यासाठी त्यांची मुलगी सुजाता दर रविवारी घणसोलीहून यायची. बाप पुढून ठोकणार, लेक मागून धरणार, आणि दोघांच्या गप्पा चाललेल्या. मला त्याचाही हेवा वाटायचा. माझ्या मुलाने माझं कपाट कधी उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही.

चार वर्षांनी उजवा पंख पुरा झाला आणि त्यांनी मला तपासायला बोलावलं. टॉर्च घेऊन मी दोन तास खोट शोधली. ती सापडावी अशी माझी मनापासून इच्छा होती. एकही सापडली नाही. जगतापांनी माझा हात धरला. "तुमच्यामुळं हातचं काम झालं सायेब, न्हायतर मी आळस करनार हुतो." तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी चहा पिऊन घरी आलो.

डावा पंख अर्धा असताना जगताप गेले. दुपारी, गाळ्यातच, छातीत कळ आली. ते आयुष्यात एकदाही विमानात बसले नव्हते. बसायचं तर आपल्याच, असं म्हणायचे.

महिनाभराने सुजाताने मला गाळ्यावर बोलावलं. "काका, डावा पंख मी पुरा करीन. पण मधल्या धडाचं काय करू? बाबा बोलून गेलेत, साहेबांना विचारल्याशिवाय ठरवू नको. तयार मागवू की सुटं?"

"तयार मागव," मी म्हणालो. "बाबांनाही मी हेच सांगायला हवं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"त्यांच्यावर जळत होतो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हळूच विचारलं, "आणि आता? आता खरं बोलताय ना?"

माझ्या शब्दावर आजवर कुणी असा संशय घेतला नव्हता. ही मुलगी दोन-तीन वर्षांत ते विमान उडवणार आणि मी खाली जमिनीवर, मान वर करून उभा असणार, हे मला लख्ख दिसलं. पोटात दुखलंच. तरी हो म्हणालो.