बिनतारी काकूंची हातभर काडी

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काकूंनी लोकांची बोलणी जोडून दिली. कुणाला नातू झाला, कुणाचं लग्न मोडलं, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. स्वतः त्यांनी मात्र "थांबा, जोडते" याच्यापलीकडे शब्द काढला नाही. निवृत्त झाल्या त्या दिवशी देवापुढे हात जोडून म्हणाल्या, "आता मी बोलणार." आणि हौशी रेडिओच्या, म्हणजे स्वतःच्या बिनतारी सेटवरून बोलायच्या, परीक्षेला बसल्या. साठीला एक वर्ष कमी असताना पास झाल्या, लायसन घेऊन आल्या. इमारतीतल्या लोकांनी त्यांचं नाव ठेवलं बिनतारी काकू. ठेवणाऱ्यांनी चेष्टेनं ठेवलं होतं. काकूंनी ते दारावरच्या पाटीवर रंगवून घेतलं.

रोज सकाळी प्रार्थना आटोपली की सात वाजता त्या सेटपुढे बसत. गावातली हौशी मंडळी त्या वेळी एकेक करून हजेरी देत. डोंगरावर मंडळाचा रिपीटर होता, गल्लीबोळातला बारीक आवाज उचलून तो पंचक्रोशीत ऐकवी. पूर आला, फोन बंद पडले, की याच मंडळींनी गाडीतल्या सेटवरून निरोप पोचवायचे, असा नेम. यंदा नदीपलीकडच्या वस्तीसाठी एक फिरती गाडी हवी होती. ती जागा काकूंना हवी होती. नोकरीत असताना एका पुरात त्या वस्तीच्या सगळ्या तारा एकदम गेल्या होत्या, आणि काकू दोन दिवस कानाला हेडफोन लावून "लाइन मिळत नाही" एवढंच म्हणत बसल्या होत्या. तो घास अजून घशाखाली उतरला नव्हता.

मंडळाचे अध्यक्ष सभेत म्हणाले, "ताई, तुम्ही चहापाण्याकडे बघा. गाडीचं काम दगदगीचं असतं."

"चहा माझा नेहमी फुळकवणी होतो," काकू म्हणाल्या. "गाडी बरी चालवते."

मंडळी हसली. अध्यक्ष हसले नाहीत. शेवटी ठरलं की रविवारी चाचणी. जुन्या दगडखाणीत गाडी उभी करायची, तिथून ज्याचा आवाज रिपीटरपर्यंत सगळ्यात स्पष्ट पोचेल त्याला नदीपलीकडची जागा. नाही पोचला तर चहाचं टेबल.

गाडी होती, दोन बँडचा नवा सेटही होता. सेट सीटखाली ठेवून त्याचं तोंड तेवढं डॅशबोर्डवर चिकटवलं होतं. अडलं होतं ते अँटेनापाशी. मैत्रिणीकडून आणलेली लांबलचक काठी टपावर लावून काकू इमारतीत शिरल्या, आणि पार्किंगच्या लिफ्टनं बोंब ठोकली. या लिफ्टमध्ये एकावर एक गाड्या चढत. ठरल्या उंचीच्या वर काही आलं की भोंगा वाजे आणि सगळंच जागच्या जागी थांबे. खाली सात गाड्या अडकल्या. सेक्रेटरी बनियनवर धावत आले.

"काकू, ही राहायची इमारत आहे. विमानतळ नाही."

"मग आवाज का एवढा वर चढवताय?"

"पुन्हा भोंगा वाजला तर तुमची जागा दुसऱ्याला देईन. आणि गाडीवर ही असली काठी दिसली की लोक विचारतात, इथे पोलीस राहतात का म्हणून."

"त्यांना सांगा, पोलीस नाही, काकू राहते. जास्त जपून वागतील."

बोलून आल्या खऱ्या, पण जागा गेली तर गाडी रस्त्यावर, हे त्यांना कळत होतं. म्हणजे अँटेना अशी हवी की नजरेत भरू नये, भोंगा वाजवू नये, आणि खाणीतून डोंगरावर पोचावी. त्यात मुलाचा हुकूम वेगळाच होता. गाडी काकूंच्या नावावर, पण दर रविवारी ती पुसून चमकवायचा मुलगा. "आई, टपाला भोक पाडायचं नाही. लोहचुंबकवाली नको, रंगाला चरे पडतात. बाकी तुला हवं ते कर."

"बाकी काय उरलं रे? खिडकीतून हात बाहेर काढून बसू?"

रेडिओच्या दुकानदारानं काउंटरवर सात-आठ अँटेना ओळीनं मांडल्या. काकूंनी आधी अंगठ्याएवढी रबरी उचलली.

"ती नका घेऊ," दुकानदार म्हणाला. "ती कुणाला दिसत नाही हे खरं. कुणाला ऐकूही जात नाही."

मग काचेवर आतून चिकटवायची. तुमच्या काचेवर फिल्म आहे का, त्यानं विचारलं. होती. फिल्ममधून लहरी जात नाहीत, म्हणून त्यानं ती अँटेना गुपचूप खोक्यात ठेवली. एक होती मीटरभर लांब. तिच्याकडे दोघांनीही एक उसासा टाकून पाहिलं. सगळ्यात शेवटी काकूंचा हात पडला तो एका काळ्या, हातभर, बारीक काडीवर. डिकीच्या झाकणाच्या कडेला पकडीनं बसवायची. बुडाशी सांधा, लिफ्ट आली की आडवी पाडायची. लांबून पाहणाऱ्याला गाण्यांच्या रेडिओची वाटावी.

"पोचेल?"

"नीट बसवलीत तर पोचेल."

शनिवारी सकाळी मुलानं पाना-स्क्रूड्रायव्हर हिसकावूनच घेतला. "तू राहू दे, मी बसवतो." अर्ध्या तासात काम फत्ते. पकड सरळ, वायर सीटच्या कडेनं दडवलेली, कुठे डाग नाही. काकू कौतुकानं म्हणाल्या, "शहाणा माझा तो." काडी आडवी करून गाडी लिफ्टवर चढवली. भोंगा वाजला नाही. सेक्रेटरी गाडीभोवती दोन फेऱ्या मारून गेले, त्यांना काहीही सापडलं नाही.

रविवारी खाणीत पाच गाड्या उतरल्या. चौघांचे आवाज एकामागून एक गेले. काहींचे खरखरत गेले, पण गेले. काकूंनी देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं, कॉल साइन, म्हणजे लायसनवरची आपली खूण-अक्षरं, सांगितली. डोंगरावरून उत्तर नाही. पुन्हा सांगितली. नाही. देव खाणीतलंही ऐकतो याबद्दल त्यांना शंका नव्हती. प्रश्न रिपीटरचा होता.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. "ताई, या वयात एवढी धडपड कशाला? चला वर, थर्मास आलेत."

"दहा मिनिटं द्या."

"पाच."

काकूंनी मीटर जोडून पाहिला. काटा पार उजवीकडे. म्हणजे सेट पाठवतोय ते सगळं अँटेनापाशी जाऊन परत फिरतंय. वायर बघितली, ठीक होती. मग त्या डिकीपाशी वाकल्या आणि पकडीखाली नखानं चाचपलं. मऊ लागलं. मुलानं रंगाला चरा पडू नये म्हणून पकडीखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली होती, अगदी मापात कापून.

काकूंना हसूही आलं आणि तळपायाची आगही मस्तकात गेली. ही काडी म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे गाडीचा पत्रा. पकडीचे चार बारीक स्क्रू रंग फोडून पत्र्याला टेकले तरच दोघांचं जमायचं. आणि पोरानं मध्ये रबर घालून त्यांचा काडीमोड करून ठेवला होता! सेक्रेटरीला दिसू नये, लिफ्टला खुपू नये, मुलाच्या रंगाला लागू नये. सगळ्यांची मर्जी सांभाळून झाली, आणि घशातून शब्द फुटेना. एकतीस वर्षं हेच केलं होतं की.

त्यांनी पट्टी ओढून फेकली. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चकचकीत लाल रंगावर कचाकचा चार ठिकाणी खरवडलं. खाली पांढरा पत्रा उघडा पडला. शेजारच्या गाडीतला माणूस कळवळून म्हणाला, "अहो, अहो, रंग!"

"गाडी माझी आहे," काकू म्हणाल्या, आणि स्क्रू आवळले.

काटा डावीकडे येऊन बसला. काकूंनी काडी ताठ उभी केली, बटण दाबलं. या वेळी कॉल साइनच्या पुढे एक वाक्य जास्तीचं होतं. "नदीपलीकडची गाडी बोलते आहे."

डोंगरावरून नोंदी घेणारा म्हातारा ऑपरेटर म्हणाला, "स्पष्ट. आज सकाळपासून एवढं स्पष्ट कुणी आलं नाही. कोण आहे?"

काकूंनी पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. खाणीत बाकीच्या चारही सेटवर त्यांचाच आवाज घुमला. अध्यक्षांच्या गाडीतूनसुद्धा. त्यांनी वही उघडली, चहाच्या यादीतलं एक नाव खोडलं आणि दुसऱ्या पानावर लिहिलं. बराच वेळ लिहीत होते.

"मग थर्मास कोण उतरवणार?" त्यांनी विचारलं.

"ज्यांना दगदग झेपते त्यांनी," काकू म्हणाल्या आणि नदीच्या दिशेनं गाडी काढली.

दुपारी मुलगा फडकं घेऊन खाली आला आणि डिकीपाशी थिजला. "आई! हे काय? चार ओरखडे?"

काकूंनी स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला. "चारच. त्यातला डावीकडचा नीट बसत नाहीये. जरा खोल घे."