फोनच्या डोळ्यांवर टिकल्या

चहा ओतलाय, आधी दोन घोट घेऊन टाका. मी जे सांगणार आहे ते ऐकताना ठसका लागला तर माझी जबाबदारी न्हाय! दोन टिकल्यांपायी माझ्या लेकीचं जमत आलेलं लग्न मी मोडायला काढलं होतं. व्हय, टिकल्याच. कपाळावर लावतो त्या!

झालं काय, सांबऱ्याला माझ्या धाकट्या दिरांकडं बारशाला गेलो होतो. अशोकभावजी म्हणजे आमच्या घराण्यातले सर्वज्ञ. विमानापासून विहिरीच्या मोटरीपर्यंत सगळं त्यांनाच कळतं. मी आपली पाळण्याचे फोटो काढत होते, तर जवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, फोन जपून वापरा. म्होरल्या बाजूला कॅमेरा हाय न्हवं, त्यो सारखा बघत असतोय."

"बघंना का! माझ्यात बघण्यासारखं काय ऱ्हायलंय?"

"हसू नका. त्याच्या शेजारी ते दोन काळे ठिपके हायेत बघा. ते सेन्सर. एक उजेड बघतोय, एक तुमचं तोंड किती जवळ आलंय ते बघतोय."

आता तुम्हीच सांगा! कॅमेरा बघतोय, हा ठिपका बघतोय, तो ठिपका बघतोय. म्हणजे मी केसांना तेल चोपडून, जुन्या गाऊनवर लसूण सोलत बसलेली, आणि तीन-तीन डोळे माझ्यावर! सांबऱ्यापासून आमच्या वडगावापर्यंत रस्ताभर फोन पिशवीत पालथा ठेवला.

घरी आल्या आल्या टिकल्यांचं पाकीट काढलं. कॅमेऱ्यावर एक, दोन ठिपक्यांवर मिळून एक. चांगल्या मोठ्या, मरून रंगाच्या. फोन अगदी हळदीकुंकवाला निघाल्यासारखा दिसायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून स्क्रीन अंधुक! भर दुपारी परसात उभी राहिले तरी अक्षर लागेना. मला वाटलं, झालं, मोतीबिंदू! तशीच मागाच्या खोलीत गेले. आमचे दोन यंत्रमाग आहेत, साड्यांचे. त्या खडखडाटात ओरडून ह्यांना म्हटलं, "अहो, मला दिसंना झालंय!"

हे मागावरची नजर न काढता म्हणाले, "मग काल साडीच्या काठातला तुटका धागा कसा दिसला गं तुला?"

बायकोची काळजी करणारा नवरा मिळाला की असं होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात स्वातीचं, माझ्या लेकीचं, स्थळ चाललं होतं. ती टिळकवाडीत एका शाळेत शिकवते. मुलगा सदलग्याचा. बघणं झालेलं, मुलगा सगळ्यांना आवडलेला. स्वातीचं मात्र "सांगते, सांगते" चाललं होतं. त्यांच्याकडचा निरोप मुलाची आई, सुमनआक्का, फोनवर देणार होत्या.

शनिवारी दुपारी लाईट गेली. माग बंद, घर शांत. आणि फोन आला.

"आक्का, आमच्याकडनं पसंती हाय बरं का!" सुमनआक्कांचा आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा. "पोरीला स्वयंपाक येतोय न्हवं?"

"येतोय म्हंजे काय! पुरणपोळी तर अशी करती, तोंडात घातली की विरघळली!"

मग त्यांनी त्यांच्या पाहुण्यांची, म्हशीची, गुडघ्याची, सगळी हकीकत सांगितली. शेवटी एकदाचं "ठेवू का मग?" झालं. मी "ठेवा, ठेवा" म्हणून फोन खाली घेतला. स्क्रीन काळी. म्हणजे फोन बंद. बरोबर की न्हाय? तुम्हालाही तेच वाटलं असतं! फोन ओट्यावर ठेवला.

"काय म्हणाल्या?" ह्यांनी विचारलं.

"पसंती हाय म्हणाल्या. पर अहो, काय ती बाई! आवाज हाय का आपला माग? एकदा चालू झाला की लाईट जाईपर्यंत थांबतच न्हाय! त्या पोराला घरात बोलायला तरी मिळत असंल का? आणि वर मला विचारती, पोरीला स्वयंपाक येतोय काय! परवा स्वातीनं चहात साखर म्हणून मीठ घातलं. मी आपलं दिलं पुरणपोळीचं ठोकून!"

तेवढ्यात ओट्यावरनं आवाज आला.

"पुरणपोळी येत न्हाय व्हय मग?"

सुमनआक्काच! फोन उचलला, स्क्रीनवर सगळीकडं बोटं आपटली, कडेचं बटण दाबलं. काळा तो काळाच! हे तोंडानं आवाज न काढता सांगताहेत, "बंद कर!" मी हातवारे करून सांगतेय, "बंदच हाय!" आणि तो बंद फोन बोलतोय, "काय आक्का, थांबला का? लाईट गेली व्हय मागाची?"

मला काय सुचावं? तांदळाचा मोठा डबा उघडला, फोन आत खोल खुपसला, झाकण लावलं आणि वर बसले. आतनं भुंगा कोंडल्यागत गुणगुण चालूच!

थोड्या वेळानं स्वाती शाळेतनं आली. "आई, डब्यावर का बसलीयास?"

मी नुसतं खाली बोट दाखवलं. तिनं मला उठवून फोन उकरून काढला, कानाला लावला आणि बराच वेळ ऐकत उभी राहिली. मग दोन्ही टिकल्या सोलल्या. स्क्रीन लख्ख उजळली. कॉल अजून चालूच!

"मावशी, मी स्वाती. आईच्या वतीनं माफी मागते. मला पुरणपोळी येत न्हाय. आणि ते मिठाचं खरं हाय." मग हसली आणि फोन ठेवला.

"आई, फोन कानाला लावल्यावर गालानं भलतं बटण दाबू नये म्हणून ह्यो सेन्सर स्क्रीन बंद करतोय. तू त्याच्यावर टिकली लावलीस. त्याला वाटलं, तुझा गाल तिथंच हाय. आणि उजेडाच्या सेन्सरला वाटलं, रात्र झाली. म्हणून स्क्रीन अंधुक."

म्हणजे मोतीबिंदूही गेला आणि स्थळही!

"पर त्या बाईंनी फोन का न्हाय कापला?"

"एवढं चांगलं चाललेलं कोण कापंल?"

स्थळ गेलं म्हणून मी डोळे पुसत बसले, तर त्याच संध्याकाळी स्वातीनं आपणहून होकार कळवला. पुढच्या रविवारी मंडळी तारीख ठरवायला हजर! सुमनआक्का पोहे खाता खाता माझ्या कानाशी आल्या. "आक्का, त्या दिवशी तुमचं झाल्यावर मीबी आमच्या ह्यांच्याजवळ तुमच्याबद्दल लई बोलले. तुम्ही ऐकलंच न्हाय!"

मी पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली. पाहुणे दाराबाहेर पडले तसं स्वातीला धरलं. "तू फोन कानाला लावला होतास. काय म्हणत होत्या गं माझ्याबद्दल?"

"जाऊ दे की आई."

"सांग म्हणते न्हवं!"

"हेच. फुशारकी मारती, दुसऱ्याचं ऐकून घेत न्हाय, अर्धवट ऐकून भलतंच काहीतरी करून बसती…"

"आणि तू उभी राहून ऐकून घेतलंस? अगं, आई हाय मी तुझी!"

"आई, तोवर माझं नक्की होत न्हवतं," स्वाती म्हणाली. "पर म्हटलं, ही बाई माणसाला इतकं बरोबर ओळखत असंल, तर ह्या घरात जायला काय हरकत हाय?"