गाडीसंग काय काय गेलं

आमच्या शोरूमचे किस्से सांगायला बसले की संपत नाहीत. जेवढ्या गाड्या खपल्या नाहीत तेवढे किस्से साचले! पण परवा रात्री झोप उडाली ती एकाच विचारानं. उद्या येणाऱ्या नव्या साहेबांनी चिऊला काही विचारलं, तर ती काय बोलेल?

चिऊ माझी मुलगी, पाच वर्षांची. अंगणवाडी सुटली की शोरूममध्ये येते आणि दोन वर्षं न खपलेल्या लाल गाडीत, मागच्या सीटवर चित्रं काढत बसते. घरी सांभाळायला कोणी नाही. चांगल्या आया असं करत नसाव्यात. मी एम.कॉम. झालेली, काउंटरवर बसते आणि दर पाच मिनिटांनी उठून तिची काच खाली आहे ना, ते बघते.

*

गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं आमची कंपनी घेतल्याची बातमी मॅनेजर गजाननभाऊंनी मोबाइलवर वाचून दाखवली. त्यांच्याकडे छोट्या गाड्या नव्हत्या, आमच्याकडे होत्या. म्हणून नाव, डिझाइन, साचे, शोरूममधला माल, सगळं घेतलं.

"अन् आपण?" मी विचारलं.

भाऊंनी बोटानं बातमी खाली-वर करून पाहिली. "आपलं तं नावच नाही दिसून राह्यलं!"

*

दुसऱ्या दिवशी मेडशीचे एक गिऱ्हाईक सर्व्हिसिंगला आले. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "इचा बाप बदलला म्हनते. आता इचं दुखणं कोन पाह्यन?"

"नवी कंपनी पाह्यन नं!" आमचे म्हातारे मेकॅनिक सदाशिवकाका म्हणाले.

"अन् तुमाले?"

काका पाना शोधायला आत गेले. पाना त्यांच्या हातातच होता.

*

काल पुण्याहून नवे साहेब आले. घ्यायच्या वस्तूंवर त्यांनी बारकोडचे स्टिकर लावायचे आणि आमच्यातलं कोणाला ठेवायचं, तेही त्यांनीच ठरवायचं. कूलरला लागला, टेबलाला लागला. डिलिव्हरीच्या वेळी मी नव्या गाडीला ओवाळते त्या ताटालासुद्धा! ओवाळणारीला नाही.

"काका, जरा उठता का?" सदाशिवकाका उठले. त्यांच्या स्टुलाला स्टिकर लागला. साहेब पुढे गेले तरी काका उभेच.

"बसा नं काका," मी म्हटलं.

"कसा बसू पोरी? आता थे कंपनीचं हाय."

*

साहेबांनी आधीच फोनवर बजावलं होतं, 'लेकरंबिकरं दिसता कामा नयेत.' चिऊला एक दिवस शेजारणीकडे ठेवणार होते, तर ती नेमकी रिठदला गेली! मग चिऊला पढवलं, "कोणी विचारलं तं सांगजो, बाबासंग गाडी पाह्यले आलो." तिचे बाबा सुरतला कामाला. खोटं शिकवणारी आई, तेही धड न जमणारी!

साहेबांनी लाल गाडीच्या दाराला स्टिकर लावला आणि दार उघडलं. आत चिऊ, हातात खडू.

"कोणासोबत आलीस गं तू?"

मी काउंटरमागून नुसते ओठ हलवत होते, 'बाबा, बाबा.' चिऊनं माझ्याकडे पाहिलं. मग दारावरच्या स्टिकरकडे पाहिलं.

"मी गाडीसंग आहो," ती म्हणाली. "अन् आई माह्यासंग."