मालिकेतली आजी आणि आमच्या आई

मालिकांचा मला पहिल्यापासून राग. एकच चेहरा तीनतीनदा दाखवतात, वर ढॅण ढॅण वाजवतात, आणि ते बघता बघता घराघरांतल्या भाज्या करपतात. त्यामुळे वटार गावातलं आमचं घर एका मालिकेच्या शूटिंगला द्यायचं ठरलं तेव्हा मी आईंशी चांगलीच भांडले. आई म्हणजे माझ्या सासूबाई. खाडीकाठच्या भातशेतीच्या गावातून लग्न होऊन या वाडीत आलेल्या, साठी ओलांडलेल्या, आणि तीच मालिका रोज न चुकता पाहणाऱ्या. "आपला घर टीव्हीवर दिसंल गो," एवढंच त्यांचं म्हणणं. मी घाटावरची, वर शाळेतली मास्तरीण, कुणाचं ऐकून घेणारी नव्हे; पण त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत युनिट आलं. केळीच्या बागेत जनरेटर, पडवीभर वायरी, आणि सगळ्यांच्या मध्ये आई, जणू घरचं लग्न निघालंय.

मालिकेत तेव्हा आजीच्या आजारपणाची गोष्ट सुरू होत होती. बायका अंगावर काढतात त्या दुखण्यांबद्दल घराघरात बोललं जावं म्हणून चॅनेलनेच ती घालायला सांगितली होती. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेल्या आजीला पुन्हा रक्त दिसू लागतं आणि ती ते घरच्यांपासून लपवते. मला काडीचं कौतुक वाटलं नाही. "आता आरोग्याचेही डोस पाजणार," असं मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा.

आजी लपूनछपून कपडा धुते, तो प्रसंग आमच्या मागच्या न्हाणीत होता. सेटचं सामान सांभाळणाऱ्या माणसाने बादलीत लालभडक रंग कालवला. आई दारात उभ्या होत्या. त्यांच्या मागे चहाचा ट्रे घेऊन मी.

"एवढा लाल नसतो," आई म्हणाल्या. "फिका असतो. चहा पातळ केल्यासारका."

त्याने तांब्याभर पाणी ओतलं. "असा?"

"आजून फिका."

"बघा, या घरच्या आजींनाच आधी विचारायला हवं होतं," म्हणत दिग्दर्शक खूश झाला आणि सगळे कामाला लागले. मी मात्र ट्रे धरून तिथेच थिजले. पाळीच्या रक्ताचा रंग कुठल्याही बाईला ठाऊक असतो. हा दुसराच रंग त्यांना कसा ठाऊक? आपण काय बोलून गेलो ते आईंच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्या माझ्याकडे न बघता तडक मागे मोगऱ्याच्या वाफ्यांकडे गेल्या. मी मागोमाग गेले.

"आई, तुम्हाला होतंय ना हे?"

त्या कळ्या खुडू लागल्या. मग म्हणाल्या, "पाडव्याच्या आदीपासून. थोडासाच. उष्नता असंल."

"आजच डॉक्टरकडे जायचं."

"आज? घरात एवढी मानसं! आनि या वयात सांगू काय डॉक्टरला?" मग अगदी मनापासून म्हणाल्या, "त्या मालिकेतल्या आजीचा काय होते ते बगू. तिला दवाखान्यात नेतील तवा मी पन येन."

मला चेष्टा वाटली. नव्हती. तिचं नीट झालं की आपलंही होईल, असा त्यांचा साधासरळ हिशेब होता. मी तरातरा दिग्दर्शकाकडे गेले आणि आजीला दवाखान्यात कधी नेणार म्हणून विचारलं.

तो हसला. "ताई, आत्ता कुठे लपवायला लागलीय. महिनाभर लपवणार. मग नातीच्या लग्नात चक्कर येऊन पडणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परत वाफ्यांशी येऊन म्हटलं, "आई, त्या बाईला लपवायचे पैसे मिळतात. तुम्ही फुकट लपवताय."

त्या खो खो हसल्या. हसता हसता पदर तोंडाशी गेला आणि खांदे हलू लागले. "भीती वाटते गो," म्हणाल्या. मलाही वाटत होती, भयंकर वाटत होती, आणि मी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शूटिंगच्या गाड्या फाटकातून आत येत होत्या आणि आमची रिक्षा बाहेर पडत होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. गर्भाशयाचा कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. "वेळेवर आलात," बाई म्हणाल्या, आणि मला तिथेच रडू फुटलं. पिशवी काढली. आई घरी आल्या तेव्हा मालिकेतली आजी अजून लपवतच होती.

त्या संध्याकाळी आमचं घर टीव्हीवर बघायला आळीतल्या बायका जमल्या. आधी आमच्या खिडक्या-फरशांचं कौतुक झालं. मग आजी पुन्हा बादली घेऊन न्हाणीत शिरली. खाली 'अशी लक्षणं दिसल्यास डॉक्टरांना भेटा' अशी पट्टी पळाली, ती कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. बायका आजीला बोल लावण्यात गुंतल्या होत्या. "काय बाय हाय! सुनेला सांगाया काय झाला हिला?"

जी गोष्ट आईंना मोगऱ्याच्या वाफ्यात मला सांगवत नव्हती, ती त्यांनी भरल्या घरात सांगितली. "मला पन हाच झालता. मी गेले, पिशवी काढली, सुटले. ही येडी आजून कपडा धुतेय."

मग प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली. दुखतं का, टाके किती, बाईच तपासते ना? टीव्ही आपला एकटाच ओरडत होता. मालिकेला श्रेय द्यायला माझी जीभ रेटत नाही, पण त्या आजीवर सगळ्या एवढ्या चिडल्या नसत्या तर त्या खोलीत हा विषय निघालाच नसता.

हळूहळू बायका पांगल्या. शेजारच्या काकी तेवढ्या बसून राहिल्या. एरवी कुणाला बोलू न देणाऱ्या त्या, पण मघापासून अवाक्षर बोलल्या नव्हत्या. आईंनी त्यांच्याकडे पाहिलं, रिमोट उचलला आणि मालिका अर्धी असताना टीव्ही बंद केला.

"वैनी," काकी खाली बघत म्हणाल्या, "मला एकटीला जायला नाय होनार."

"एकटीला कोन बोलला?" आईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिला ने. ही आत पन येते. तपासत असताना हात धरून उभी ऱ्हाते."