नानूकाकांची पोच

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही ‘आहे’ म्हणायला जीभ रेटत नाही. एकवीस वर्षं कार्यालयात काढलेली बाई मी... ज्याला आवक क्रमांक नाही, ते माझ्या लेखी घडलेलंच नसतं. इथे, या अमानवीय अनुभवांच्या धाग्यावर, लोक पिंपळाबद्दल लिहितात, विहिरीबद्दल लिहितात, रस्त्यात लिफ्ट मागणाऱ्या बाईबद्दल लिहितात. मी वाचते, हसते आणि पुढे जाते. माझ्या अनुभवात यातलं काही नाही. भर दुपार आहे, एक खिडकी आहे आणि एक नोंदवही आहे. भीती म्हणाल तर मला क्षणभरही वाटली नाही. राग आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

विद्यापीठाचं नाव सांगणार नाही. तलासरीच्या अलीकडे, हायवे सोडून थोडं आत त्यांचं एक उपकेंद्र होतं आणि त्यात ग्रामीण विकास विभाग. तळमजल्यावर तीन खोल्या. दारातून आत आलं की डावीकडे विद्यार्थ्यांची खिडकी, तिच्यामागे लिपिकाचं टेबल, त्यामागे माझं, आणि भिंतीला ओळीने सहा लोखंडी कपाटं. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा. मी तिथली कार्यालय अधीक्षक. म्हणजे विभागप्रमुखांनी सही करायची आणि बाकी विभाग मी चालवायचा. वेळापत्रक, हजेरी, परीक्षेचे अर्ज, वरून आलेल्या पत्रांना उत्तरं... डहाणू रोडहून रोज ये-जा करून.

आमची मुलं गंजाडकडची, तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यांवरची. एक कागद द्यायला यायचं तर दोन गाड्या बदलायच्या आणि घरच्या कुणाचा तरी दिवस मोडायचा. हे ज्याला कळत होतं असा एकच माणूस विभागात होता, आमचे कनिष्ठ लिपिक नानूकाका.

काका विवळवेढ्याजवळचे. चौथीपर्यंतचं शिक्षण मामाकडे, गुजराती शाळेत. त्यामुळे अक्षर मोत्यासारखं मराठी, पण पाचाचा आकडा मात्र जन्मभर गुजराती! गुजराती पाच दिसतो आपल्या ‘प’सारखा. पंचावन्न लिहिले की ‘पप’. मी चिडवायची, “काका, किती वेळा पप्पांची आठवण काढाल?” ते चष्मा वर करायचे, एका काडीला दोरा बांधलेला चष्मा, आणि म्हणायचे, “बेन, हात जुना हाय. आता काय तो सुधरायचा नाय.”

त्यांचा एक नेम होता. कागद घेतला की पोच द्यायची. वहीच्या कागदाची चिठ्ठी, त्यावर आवक क्रमांक, तारीख, जांभळा गोल शिक्का, आणि कोपऱ्यात कागद ज्या कपाटात ठेवला त्याचा आकडा. मुलगा महिन्यानंतर चिठ्ठी घेऊन आला तरी काका दोन मिनिटांत कागद काढून दाखवत. “पोच घेतल्याशिवाय जायाचा नाय,” हे त्यांचं पालुपद. घाईने निघालेल्या पोराला ते परत बोलावत.

२०१४ च्या अखेरीस नवे विभागप्रमुख आले. त्यांना इथे नुसतं ‘सर’ म्हणते, जास्त मान द्यायची इच्छा नाही. महिन्याभरात त्यांनी फर्मान काढलं: पोच बंद. “चिठ्ठ्याचपाट्या कसल्या देता? सगळं ऑनलाइन होतंय.” कुठे होतंय? आमच्याकडे नेट यायचं पाहुण्यासारखं, आणि अर्ज तर कागदावरच भरले जात होते! पण पोच दिली की जबाबदारी येते. कागद हरवला की ‘तू दिलाच नाहीस’ म्हणता येत नाही. खरं दुखणं ते होतं.

काकांनी त्यावर मला एक अर्ज लिहून दिला. दोन ओळींचा. ‘विद्यार्थी लांबून येतात. त्यांना पोच देणे बंद करू नये, ही विनंती.’ मी तो वाचला आणि खणात टाकला. आवकला घेतला असता तर तो सरांपुढे गेला असता आणि रोजची कटकट झाली असती. काका उभेच राहिले. म्हणाले, “बेन, मला पोच?” मी हसून म्हटलं, “तुम्हाला कशाला पोच, काका? तुम्ही तर घरचेच.”

ते खिडकीकडे परत गेले. २०१५ मध्ये निवृत्त झाले आणि २०१६ च्या श्रावणात गेले. मी त्यांच्या बाराव्याला गेले होते. जेवून आले होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला कुणीही विचारलं नाही.

२०१७ चा फेब्रुवारी. परीक्षेचे अर्ज देण्याचा शेवटचा दिवस. मला मुंबईला मुख्यालयात बैठकीसाठी बोलावलं होतं. काकांच्या जागी आलेला हंगामी लिपिक रजेवर. सर म्हणाले, “मी आहे ना. पाचपर्यंत बसतो खिडकीत.” मी कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा नेहमीसारखा पर्समध्ये टाकला आणि निघाले. जमा झालेले अर्ज दुसऱ्या दिवशी मी मुख्यालयात पाठवले. टेबलावर होते तेवढे, नोंदवहीशी न ताडता.

आठवड्याने परीक्षा विभागाची यादी आली. आमची नऊ मुलं गायब! मी सरांना विचारलं, तर त्यांचं पत्र आधीच गेलेलं होतं: ‘खाली सही करणार स्वतः सायंकाळी पाचपर्यंत उपस्थित होते. सदर विद्यार्थ्यांनी मुदतीत अर्ज सादर केले नाहीत.’ विषय संपला.

दुसऱ्या दिवशी रंजना आली. गंजाडची मुलगी, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची. वडिलांच्या आजारपणात तिची दोन सत्रं बुडाली होती, आणि तिच्या नोंदणीची मुदत त्याच सत्रात संपत होती. ही परीक्षा हुकली असती तर पदवी हुकली. पुन्हा पहिल्या वर्षापासून, आणि तिला पुन्हा कुणी पाठवणार नव्हतं. ती रडत नव्हती. सरांच्या टेबलावर तिने एक चिठ्ठी ठेवली.

“मी फॉर्म दिलेला, सर. ही पोच.”

मी चिठ्ठी पाहिली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीती नाही, हो, राग! वहीचा कागद, जांभळा शिक्का, आवक क्रमांक ३१२, कोपऱ्यात ‘प’. अक्षर काकांचं. मला वाटलं, मेलेल्या माणसाच्या अक्षराची नक्कल करण्याइतकी मजल गेली कुणाची?

सरांनी चिठ्ठी दोन बोटांत धरली. “हे बघा, कोपऱ्यात ‘प’. आपल्याकडे शेऱ्यात ‘प’ म्हणजे ‘परत’. म्हणजे फॉर्म परत केलेला आहे. आणि मुळात ही पोचच खोटी आहे. कोणी दिली तुला?”

“खिडकीत काका होते ना. चष्म्याला दोरा बांधलेला. मी निघालेली, तर म्हणाले, बाय, पोच घेतल्याशिवाय जायाचा नाय.”

“किती वाजता?”

“एक वाजलेला. उन्हात आलेली मी.”

“एक वाजता?” सर उसळलेच. “साफ खोटं! खिडकीला मी स्वतः साडेअकरालाच कुलूप लावून गेलो होतो! पोलिसांत देईन तुला!”

सरांनाही कळलं आपण काय बोललो ते. पाचपर्यंत बसलेला माणूस साडेअकराला कुलूप लावून गेला होता. कुठे, तर एका सत्काराला, हे मागाहून कळलं. नऊ पोरं उन्हात बंद खिडकीशी येणार होती, आणि हे शाल-श्रीफळ घेत होते! वर पोलिसांची धमकी तिलाच. चोर तो चोर, वर शिरजोर.

मी आवक नोंदवही आणली. शेवटच्या दिवसाचं पान उघडलं. साडेअकराच्या आधीच्या नोंदी सरांच्या, वेड्यावाकड्या. त्यांच्याखाली नऊ ओळी, मोत्यासारख्या. नऊ नावं, पुढे गाव, शेवटच्या रकान्यात प्रत्येकापुढे ‘प’.

“परत, परत, परत,” सर बोट फिरवत म्हणाले. “बघा!”

मी क्रमांकांकडे पाहत होते. ३१३, ३१४, ३१प, ३१६.

“सर,” मी म्हटलं, “तीनशे चौदानंतर काय येतं?”

त्यांचं बोट थांबलं.

“तो ‘प’ नाही. तो पाच आहे. पाच नंबरचं कपाट.”

पाच नंबरच्या कपाटात जुनं दप्तर होतं. काका निवृत्त झाल्यावर ते कुणी उघडलं नव्हतं. किल्ली एकच, माझ्या जुडग्यात, आणि जुडगा त्या दिवशी माझ्याबरोबर मुंबईत. मी सरांच्या आणि रंजनाच्या देखत कपाट उघडलं. कडी गंजलेली, दोन हातांनी ओढावी लागली. आतल्या गठ्ठ्यांवर बोटभर धूळ. वरच्या फळीवर एक स्वच्छ फाइल, काका मारायचे तशी दुहेरी गाठ मारलेली. आत नऊ अर्ज.

रंजनाने आपला अर्ज ओळखला आणि दोन्ही हातांनी उचलला. तेव्हा रडली. मी तिला पाणी दिलं.

पुढचं ऐका. अर्ज मी त्याच दिवशी वर पाठवले. मुलांना तात्पुरती परवानगी मिळाली, आणि मला मिळाली नोटीस! किल्ली माझ्याकडे, म्हणजे मागाहून नोंदी मीच घातल्या, असा सरांचा अहवाल. मग तेच मला बोलावून गोड आवाजात म्हणाले, “मॅडम, ‘नोंदी माझ्याच आहेत’ एवढं लिहून द्या. थोडी समज देतील. प्रकरण मिटेल. नाहीतर त्या पोरांचे अर्ज रद्द होतील.”

मी रात्रभर नाही, पण दुपारभर विचार केला. नोंदी माझ्या म्हटलं, तर खोटं, आणि मी त्या दिवशी मुंबईत असल्याची सही मुख्यालयातच होती. माझ्या नाहीत म्हटलं, तर विचारणार कोणाच्या? कुणाच्याच नाहीत, तर नऊ मुलं बाहेर. शेवटी मी खुलाशात एकच खरं वाक्य लिहिलं: ‘सदर नोंदी या विभागाचे कनिष्ठ लिपिक नानूकाका (पूर्ण नाव लिहिलं) यांच्या हस्ताक्षरात असून जुन्या नोंदवह्यांशी पडताळणी करता येईल.’

दोन सदस्यांची समिती आली. त्यांनी चहा घेतला, जुन्या वह्या मागवल्या, भिंग लावून अक्षर ताडलं. पाचाच्या आकड्यावर तर खूशच झाले. निष्कर्ष: ‘नोंदी अधिकृत लिपिकाच्या हस्ताक्षरातील असल्याचे दिसून येते. अर्ज ग्राह्य धरावेत. बाब निकाली.’

दोघांपैकी एकानेही विचारलं नाही, की हा लिपिक कुठे आहे! सेवापुस्तक उघडलं असतं तर पहिल्या मिनिटात कळलं असतं. सरांना तर सगळं ठाऊक होतं, पण ते तोंड उघडणार कुठल्या तोंडाने? साडेअकराचं कुलूप निघालं असतं. एका मेलेल्या माणसाने विभागाची ड्यूटी केली, आणि जिवंत माणसांना ते कळलंही नाही. मला सांगा, यात जास्त अमानवीय काय आहे?

रंजना पास झाली. आता तलासरीकडे एका संस्थेत काम करते. तिला मी काकांचा फोटो कधी दाखवला नाही. तिने जे पाहिलं ते पाहिलं, तिची उलटतपासणी मी का करू?

तुम्ही म्हणाल, कुणीतरी नक्कल केली असेल, दुसरी किल्ली असेल. मीही शोधलं. शिक्का तरी कुठून आला म्हणावं, तर तो माझ्या खणात कुलपात होता. दोन वर्षं मी हे सगळं उलटसुलट करून पाहिलं. उत्तर नाही. असेल तर मला सांगा, मी आवकला घेईन.

एक मात्र मी समितीला सांगितलं नव्हतं. त्या फाइलमध्ये नऊ अर्जांच्या खाली दहावा कागद होता. काकांचा दोन ओळींचा अर्ज. मी खणात टाकलेला. तो मीच कधीतरी त्या कपाटात ठेवला असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. पटत नाही.

आपण म्हणतो ना, एखाद्याला ‘पोच नाही’. सरांना नव्हती, हे मी गावभर सांगत फिरले. मला तरी कुठे होती?

त्याच आठवड्यात मी तो अर्ज आवकला घेतला. पुढचा क्रमांक दिला, शिक्का मारला आणि वहीच्या कागदावर पोच लिहिली. खिडकीतली पोच त्या दिवसापासून पुन्हा सुरू केली, सरांना न विचारता. रविवारी विवळवेढ्याला गेले. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नाही.

“काय हाय ये?” त्यांनी विचारलं.

“काकांनी एक अर्ज दिला होता,” मी म्हटलं. “तो मिळाला.”