आत्यानं खांब वाजवून पाहिला

माझी आत्या कुठलीही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नसे. माठ, नारळ, कलिंगड सगळेच वाजवतात. आत्या दारं वाजवायची, पलंग वाजवायची. मला बघायला आलेल्या एका मुलाचे मामा "आमच्याकडे सगळं सागवानी" म्हणून फुशारकी मारायला लागले, तेव्हा तिनं त्यांच्या हातातल्या काठीवर बोटाचं पेर आपटलं आणि म्हणाली, "ही तर बाभळीची वाटायली." ते स्थळ चहाच्या आधीच उठून गेलं. गल्लीतली पोरं तिला टकटक आत्या म्हणायची. तिला ते ठाऊक होतं, आणि कोणकोण म्हणतं हेही ठाऊक होतं.

ती बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत तिचे यजमान गेले आणि ती हैदराबादेत, बरकतपुऱ्याला आमच्या घरी आली. मी सहा वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून मला आत्यानंच वाढवलं. शाळेत ती शिवण शिकवायची. त्यामुळे कुठलाही कपडा हातात आला की आधी उलटा करायची. "वरून सगळेच छान दिसतात गं, आतून दाखव," हे ती कपड्यांना म्हणायची, दुकानदारांना म्हणायची आणि माझ्या मैत्रिणींनाही म्हणायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गौलीगुड्यात माठ घ्यायला जाणं म्हणजे तर अर्ध्या दिवसाचं काम. "अम्मा, तुम्हीच बजाके लेलो, मेरेकू परेशान नक्को करो," असं म्हणून कुंभारीण बाजूला बसायची. आत्या अकरा माठ वाजवून बारावा घ्यायची आणि घरी आल्यावर तोही पुन्हा वाजवायची. मी चिडून म्हणायचे, "आत्या, तुझा कुणावर भरोसा तरी आहे का?" ती शांतपणे म्हणायची, "हौ. आहे की. पण आधी ऐकून घेते." एक कबूल करायला हवं. आमच्या घरात गळका माठ कधी आला नाही.

पुढे मला जर्मनीत, कोलोनला नोकरी लागली. निघताना मी घरी सांगितलं, दोनच वर्षं. बाबांनी माझी वरची खोली नव्यानं रंगवून घेतली आणि कुलूप लावून ठेवली. दोनाची चार झाली. मला ते गाव आवडलं, काम आवडलं, तिथलं माझं एकटीचं आयुष्य आवडलं, आणि कायम तिथंच राहायचे कागदही मी करून टाकले. घरी मात्र अवाक्षर काढलं नाही. बाबा दर रविवारी फोनवर विचारायचे, "मग, कधी येतेस?" मी म्हणायचे, "हा प्रोजेक्ट संपला की." खोटं बोलायची सवय लागली की ते किती सहज जमतं, याचं मला तेव्हा नवल वाटायचं. आता लाज वाटते.

बाबांचे गुडघे दुखायचे, म्हणून आत्या एकटीच माझ्याकडे महिनाभर आली. आल्या दिवशी तिनं नळाचं पाणी वास घेऊन उकळायला ठेवलं, भिंती वाजवल्या, कपाटं उघडून पाहिली. खिडकीपाशी मोठ्या कुंडीत माझा कढीपत्ता होता, चांगला कमरेइतका वाढलेला. त्या कुंडीवर तिनं टकटक केलं आणि विचारलं, "किती वर्षांचं गं झाड?" मी म्हणाले, "काय की. मैत्रिणीनं दिलंय." ती नुसतंच "हं" म्हणाली. मी विषय बदलून तिला चहा विचारला.

शनिवारी मी तिला तिथलं प्रसिद्ध कॅथेड्रल दाखवायला नेलं. दगडी, काळपट, मान मोडेपर्यंत उंच. एका मनोऱ्याला परांची बांधलेली होती. आत्या रस्त्यातच थांबली. "हे बांधायलेत की पडायलंय?"

"दुरुस्ती आहे आत्या. ती कायम चालूच असते इथं."

"कायम? कंत्राटदाराची मजा आहे मग."

आत गेल्यावर मात्र ती पदर डोक्यावर घेऊन गप्प उभी राहिली. चहूकडून खांब वर वर जात होते, रंगीत काचांतून फरशीवर निळं-तांबडं ऊन सांडलं होतं. मला वाटलं, चला, एकदाची विरघळली. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "एवढं उंच कशाला केलं असेल? माणूस वर बघत राहिला की खाली काय चाललंय ते दिसत नाही." आणि ती सरळ जवळच्या खांबापाशी गेली, बोट वाकवलं आणि टकटक केलं. लांब तांबड्या झग्यातला रखवालदार तोंडावर बोट ठेवून आला. आत्या त्याला म्हणाली, "देखरी हूँ भई, अंदर से पोला तो नै ना." त्या बिचाऱ्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यानं गंभीरपणे मान डोलावली.

मी तिला माहिती द्यायला लागले. युद्धात गाव उद्ध्वस्त झालं, पण जुन्या काचा आधीच उतरवून सुरक्षित ठेवल्या होत्या, म्हणून वाचल्या. आत्या एकदम खूश झाली. "बघ! कुणाला तरी संशय आला होता म्हणूनच वाचल्या ना?" मग आम्ही एका बाकावर टेकलो. मी सांगितलं की हे पुरं व्हायला सहाशेहून जास्त वर्षं लागली, पाया घालणाऱ्यांनी कळस पाहिलाच नाही.

"त्या पहिल्या गवंड्यानं घरून निघताना काय सांगितलं असेल गं?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"दोन वर्षांत येतो, असंच सांगितलं असेल." ती माझ्याकडे वळली. "दोन वर्षांसाठी आलेलं माणूस कढीपत्ता लावत नाही, पोरी. तू परत येणार नाहीस. आणि माझा भाऊ दर दिवाळीला ती खोली झाडायलाय."

काहीतरी रचून सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही बोलेल, शाळेत बोलायची तशी. तिनं पदरानं माझं नाक पुसलं, मी सहा वर्षांची असल्यासारखं. "राहा की. राहण्याचं काही नाही. पण त्याला ताटकळत ठेवू नकोस."

"मी सांगते बाबांना, आत्या. मीच सांगते. तू बोलू नकोस."

मी वाट पाहिली, की आता ती आतून बघेल, खोदून खोदून विचारेल, कधी सांगशील, कसं सांगशील. तिनं काही विचारलं नाही. "बरं," एवढंच म्हणाली आणि चपला शोधायला लागली. चपला पायातच होत्या.

ती परत गेली आणि त्या रविवारपासून बाबांनी "कधी येतेस" विचारणं सोडलं. मी सुटले! त्यांना सवय झाली असेल, अशी मी माझी समजूत घातली. तीन वर्षं गेली. मध्ये दोनदा हैदराबादला जाऊन आले, त्याच रंगवलेल्या खोलीत झोपले आणि काही न बोलता परतले. आत्यानंही विषय काढला नाही. फक्त निघताना दारात माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायची.

गेल्या वर्षी ती गेली. झोपेतच, कुणाला काही पत्ता लागू न देता. तेराव्यानंतर मी आणि बाबा ओसरीत बसलो होतो. समोर तिची वेताची खुर्ची होती. बाबा सहज म्हणाले, "तुझ्याकडून आली ना, त्याच दिवशी तिनं मला सगळं सांगितलं."

मी त्यांच्याकडे वळले. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, तू ताटकळू नयेस म्हणून सांगितलं, पण तिला विचारू नको, पोरीनं शब्द दिलाय, ती आपण होऊन सांगणार. मी म्हटलं, आक्का, नाही सांगायची ती. तर माझ्यावरच चिडली. दर रविवारी फोन ठेवला की आतून यायची आणि विचारायची, 'सांगितलं का?' शेवटच्या रविवारीसुद्धा विचारलं."

आयुष्यभर माठ, माणसं, दारं वाजवून पाहणाऱ्या माझ्या आत्यानं एक माझा शब्द तेवढा न वाजवता घरी नेला होता. आणि गळका निघाला तो नेमका तोच.

मला हुंदका आवरेना. तशीच म्हणाले, "बाबा, मी परत येणार नाहीये. तिथंच राहणार आहे."

बाबांनी मान हलवली. मग सवयीनं खुर्चीकडे वळून म्हणाले, "आक्का, सांगितलं गं तिनं."