इल्याचं गिटार सरळ करताना

फोनवर इल्याचं नाव दिसलं आन् मी नेहमीसारखा सुरू झालो, "का रे, मेला का काय? आठ दिस झालं, तोंड न्हाई दाखवलं." पलीकडनं त्याची बायको, सुनंदावहिनी बोलली, "व्हय भावजी. सकाळी पिरंगुटला कंपनीच्या गेटातच पडले. दवाखान्यात न्हेस्तवर..." मी म्हणलो, "बरं." जलमभर ह्या तोंडावर लोकं हसवली, आन् ऐन टायमाला त्यातनं निघालं काय, तर "बरं". जसं काय वहिनीनं गॅसचा सिलिंडर आला म्हणून कळवलंय.

कोळवणला, त्याच्या गावाला गेलो. सगळी रडत व्हती, मी बघत व्हतो. डोळ्यात पाणी यावं म्हणून दोन-तीनदा जोरात मिटून बघितले, न्हाई आलं. मारुंजीला घरी आलो तवा बायको म्हणली, "ह्या चपला कुणाच्या?" दोन्ही पायात कुणातरी मोठ्या मानसाच्या चपला. एवढा रस्ता आलो, पायाला बी कळलं न्हाई. चांगलं चार दिस तशाच घातल्या.

विलास, म्हंजी आमचा इल्या, भेटला त्याला पाच-सा वरसं झाली आसतील. माजी शाळा चौथी, ती बी मास्तर कंटाळले म्हणून. बापाची भाताची जमीन व्हती, ती सोसायटीवाल्यांना दिली आन् ऱ्हायलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या बांधल्या. एक भाडेकरू बंगलोरला जाताना त्याचा कॉम्प्युटर हितंच टाकून गेला. मी बटनं दाबून दाबून आवाज भरायचं शिकलो. भित्तीला जुन्या गाद्या ठोकल्या आन् भाईर 'रेकॉर्डिंग' म्हणून पाटी लावली. पाटी बघून पयली बाई आली ती कापूस पिंजून द्याल का इचारत. गाद्या दिसल्या तिला.

आन् एक दिस हा आला. युरियाच्या गोणीत गुंडाळून कायतरी आनलं व्हतं. मी म्हणलो, "फवारणीचा पंप हितं दुरुस्त व्हत न्हाई." त्यानं गिटार काढलं. कोळवणच्या कुठल्याशा फार्महाऊसवाल्यांनी टाकून दिलेलं, सहाच्या जागी चारच तारा. म्हणला, "ह्याला दोन तारा कमी हायेत. तुजी शाळा किती झाली?" "चौथी." "मंग जमंल आपलं."

तवापासनं सुट्टीच्या दिशी यायचा. तारा नव्या टाकल्या, हात आपला आपणच बसवला. पिरंगुटच्या कंपनीत त्यो प्रेस मशीनवर व्हता. आमची भांडनं एकाच गोष्टीवरनं. कॉम्प्युटरला टिकटिक आस्ती, घड्याळासारखी, तिच्यावर वाजवलं की सगळं कसं रेघंत बसतं. मंग ढोलकी टाका, टाळ टाका, कुटं हलायचं न्हाई. इल्या ती टिकटिक चालू केली की हेडफोन काढून ठिवायचा.

"आरं, ह्याच्याबिगर माजी ढोलकी बसायची कशी?"

"तुजी ढोलकी तू बशीव. दिसभर मशीनच्या ठोक्यावर हात आत-भाईर करतोय मी. चुकला ठोका की बोट गेलं. हितं तरी मला माज्या हातानं चालू दे."

"चाल की. पर सरळ चाल. दारू पिल्यागत चालतुयास."

लई हसला. त्या दिशी टिकटिक न लावताच त्यानं एका दमात सगळं गिटार वाजवलं. त्याच्या आईचं भातलावणीचं गाणं व्हतं. आई वावरात म्हणायची त्येच, पर तिनं मायकापुढं कधी म्हणलेलं न्हवतं. जाताना म्हणला, "आईला घिऊन येतो. ह्याच्यावर तिचा आवाज घ्यायचा. तवर कायतर शानपना करू नगंस." मला कायतर करू नगंस म्हणलं की माजे हात खाजवत्यात. त्यो वळला न्हाई तोच मी बसलो. गिटार कापलं. एकेक ठोका सुटा केला, जिथं मागं ऱ्हायलाय तिथं पुढं ढकलला, पुढं गेलाय तिथं मागं वढला. दर चार वळींनंतर त्यो पार थांबल्यागत व्हायचा, ती जागा तर मी साफ काढूनच टाकली. आठ दिस लागले. आयकल्यावर मला वाटलं, वा, आता झालं शहाण्यासारखं. त्यो आला की दाखवायचं व्हतं. त्यो न्हाई आला, फोन आला.

तेरावं झाल्यावर पुन्हा वहिनीचा फोन. ह्या टायमाला मी नुसतं "बोला" म्हणलो. ती म्हणली, "आई म्हणत्यात, त्यानं वाजवून ठिवलंय तर मी गाणार."

इल्याची आई, ठकूआई, जीपमधनं आली. पंच्याहत्तरच्या पुढची, सरळ पाठीची बाई. मी तिला खुर्ची दिली, कानाला हेडफोन लावला आन् समोर बसून ताल धरून मान हालवाया लागलो, म्हंजी तिला कळावं. मिनिटभर ती माज्याकडं बघत ऱ्हायली. मंग म्हणली, "तुला काय व्हतंय बाबा?" आवाज चालूच केला न्हवता.

चालू केला. तिनं डोळं मिटलं. थोड्या वेळानं उघडलं.

"ह्ये कोन वाजवतंय?"

"तुमचाच विलास, आई."

"न्हाई."

तीनदा म्हणून बघितलं तिनं. चौथ्या वळीला आडकायची. तिसऱ्यांदा हेडफोन काढून मांडीवर ठिवला. म्हणली, "हितं आमी पाय मागं घेतो. ती जागा कुटं गेली?"

मला कळंना. मंग तिनंच सांगितलं, ल्हान पोराला सांगावं तसं. भात लावताना बाया मागं मागं सरत्यात. चार वळी म्हणस्तवर पुढ्यातलं लावून व्हतं, मंग पाय उचलायचा. चिखल पाय सोडत न्हाई लवकर. तवर गाणं बी थांबतं, पाय सुटला की पुन्हा उचलतं. "त्यो बांधावरनं मला रोपांच्या जुड्या फेकायचा," ती म्हणली. "ह्येच आयकत मोठा झाला. त्याच्या हातात ती जागा हाय. तुज्या डब्यात न्हाई."

आन् मी कोन? भातवाल्याचाच पोरगा. गुडघाभर चिखलात वाढलो. जमीन दिऊन खोल्या बांधल्या आन् पायाखाली फरशी आली, तर मला चिखल म्हंजी चूक वाटाया लागली. त्याच्या सगळ्या गिटारात तेवढीच जागा आईची व्हती, ती मी हुडकून हुडकून काढली.

"गेलं का त्ये?" तिनं इचारलं.

"न्हाई, हाय की," मी म्हणलो. हाय का न्हाई मला म्हाईत न्हवतं.

ती गेल्यावर दोन दिस कॉम्प्युटर उचकला. नशीब, हे यंतर माज्यापरीस शानं. मी कापलेलं येगळं आन् इल्यानं वाजवलेलं मूळ येगळं जपून ठिवलं व्हतं त्यानं. मंग उलटं काम सुरू केलं. गिटार जागचं हालवायचं न्हाई, कॉम्प्युटरची टिकटिक त्याच्या मागं न्ह्यायची. आवाजाची नागमोडी रेघ दिसती, त्याचा ठोका जिथं पडला तिथं टिकटिकीची उभी रेघ वढून आनायची. पयल्या दिशी मी रेघ वढली की तिच्यासंगं गिटार बी रबरासारखं वढलं जायाचं. हालू नये म्हणून गिटाराला आदी कॉम्प्युटरमदीच कुलूप लावाया लागतं, ते कळाया मला अख्खा दिस गेला. कुलूप लावलं, मंग एकेक ठोका. चाल दाखवणारा आकडा, म्हंजी मिनिटाला किती ठोके, चौऱ्याऐंशी, शह्याऐंशी, पुन्हा चौऱ्याऐंशी. चार वळी झाल्या की खाली, पार साठावर. मंग पुन्हा वर. शेवटपातूर तसंच. एकदाबी त्यो चुकला न्हवता. मी बघत ऱ्हायलो. काय वाटलं म्हणाल तर कायच न्हाई. आकडे बघितले, बास.

ठकूआई पुन्हा आली. आवाज आदी चालू केला ह्या टायमाला. तिनं आयकलं आन् न इचारता गायाया लागली, एका दमात. त्या जागंवर खुर्चीखाली तिचा उजवा पाय इंचभर मागं सरकायचा. झाल्यावर म्हणली, "पानी दे." पाणी प्याली, जीपमदी बसली, गेली.

आता ढोलकी तेवढी ऱ्हायलीय. रोज सकाळी खोली उघडतो, हेडफोन लावतो. मधी गिटार बंद करून बघितलं. नुसती टिकटिक चालू ठिवली. तर ती बी चार वळी चालती आन् थांबती. मानूस न्हाई, गिटार न्हाई, आन् चाल त्याचीच. मला अजून जमत न्हाई. ढोलकी वाजवत वाजवत मी त्या जागंवर त्याच्या आदी पोचतो. हात वरच्या वर धरून बसतो. मंग त्यो येतो.